योसेमिटीच्या रानात मुक्काम: अस्वलांपासून जेवण कसं सांभाळायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बे एरियातले (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातले) चार मित्र ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात ट्वॉलमी मेडोजपासून कॅथीड्रल लेक्स, सनराइज आणि लिटल योसेमिटी व्हॅलीमार्गे खाली व्हॅलीत उतरणार आहेत. साधारण ३५ किलोमीटर, तीन मुक्काम. आदल्या रात्री गाडीने जाऊन कॅम्पग्राउंडवर राहायचंय. सव्वा किलोचा बेअर कॅनिस्टर (अस्वलाला उघडता येऊ नये असा खाण्याचा डबा) पाठीवर घ्यायलाच हवा का, दोरीने झाडाला टांगलं तर चालणार नाही का, घरचं खाणं त्या डब्यात मावेल का आणि पुढच्या वर्षी यलोस्टोन या दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानात हीच पद्धत चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

आधी सरळ उत्तर. कॅनिस्टर घ्यायलाच हवा. योसेमिटीच्या संपूर्ण वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे रस्ते-वस्तीपलीकडच्या रानात, तो सक्तीचा आहे, झाडाला जेवण टांगायला बंदी आहे आणि नियम मोडला तर ५००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाच्या भीतीने डबा नेणारा माणूस तो नेतो आणि झाकण उघडं टाकून फोटो काढायला जातो. म्हणून नियमामागचं कारण नीट सांगतो.

तुमच्या वाटेवर जी अस्वलं आहेत ती अमेरिकन काळी अस्वलं. नाव काळं असलं तरी सिएरा नेवाडात, म्हणजे योसेमिटी ज्या डोंगररांगेत आहे तिथे, त्यातली बरीचशी तपकिरी, दालचिनी रंगाची असतात, त्यामुळे नवखा माणूस लांबून पाहून ‘ग्रिझली, ग्रिझली’ करतो. कॅलिफोर्नियात ग्रिझली, म्हणजे ते मोठं तपकिरी अस्वल, आता फक्त राज्याच्या झेंड्यावर आहे. शेवटचे ग्रिझली १९२० च्या दशकात संपले. योसेमिटीत काळ्या अस्वलांची संख्या ३०० ते ५०० मानली जाते, आणि तिथे काळ्या अस्वलाने आजवर एकाही माणसाचा जीव घेतलेला नाही. आपल्याकडच्या मेळघाट-बुलढाण्याच्या अस्वलाशी याची तुलना करू नका. ते अस्वल वाळवी, मध, मोहाची फुलं यांवर जगतं, आणि मोह वेचायला गेलेल्या माणसाची अचानक गाठ पडली की घाबरून अंगावर येतं. योसेमिटीतलं अस्वल तुमच्यासाठी येत नाही. ते येतं तुमच्या जेवणासाठी.

आणि ते जेवण त्याला एकदा जरी मिळालं, तरी पुढचं सगळं बिघडतं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो, ही म्हण या विषयाला जितकी चपखल बसते तितकी दुसऱ्या कशाला बसत असेल असं मला वाटत नाही. तुमचे चार लाडू गेले त्याचं काही नाही, पण अस्वल सोकावतं. झाडाची साल सोलून किडे शोधायला किंवा मांझानिटा नावाच्या झुडपाची फळं एकेक करून खायला दिवस जातो. तेवढ्याच उष्मांकांची पिशवी तंबूशेजारी दोन मिनिटांत मिळते हे त्याला कळलं की ते तंबू शोधत फिरू लागतं. मादी असेल तर तिच्यामागून फिरणारी पिल्लंही तेच शिकतात. हिवाळ्याआधीच्या महिन्यांत तर अस्वलाला दिवसाला २०,००० कॅलरींपर्यंत खायचं असतं, तेव्हा ही चटक फारच पक्की होते. मग ते दिवसाढवळ्या येऊ लागतं, माणसांना भीत नाहीसं होतं. उचलून दूर नेऊन सोडलं तरी पुष्कळदा परत येतं, किंवा नव्या जागी तोच उद्योग सुरू करतं. शेवटी रेंजर लोकांना ते मारावं लागतं. ज्यांनी वर्षानुवर्षं त्याला कानाच्या बिल्ल्यावरून ओळखलेलं असतं, त्यांनाच. झाकण लावणं एवढं महत्त्वाचं का, तर यासाठी.

आता टांगण्याबद्दल. हा प्रश्न मला जुन्या ट्रेकर मंडळींकडून हमखास येतो, कारण कधीकाळी तेच शिकवलं जायचं. उंच फांदीवरून दोरी टाकायची, दोन सारख्या वजनाच्या पिशव्या दोन टोकांना बांधून एकमेकींना तोलून ठेवायच्या, दोरीचं टोक खाली लोंबू द्यायचं नाही आणि सकाळी काठीने ढकलून खाली आणायच्या. ऐकायला छान आहे. पण योसेमिटीतल्या अस्वलांनी यावरचा तोडगा केव्हाच शोधून काढला. मोठं अस्वल ज्या फांदीवर जाऊ शकत नाही तिच्यावर हलकं पिल्लू जातं. दोरी बांधलेली असेल तर ते ती चावून तोडतं. काही अस्वलं सरळ फांदीच मोडतात. शिवाय तुमचे वरचे मुक्काम जिथे पडतील तिथे, २८०० मीटरच्या आसपास, लॉजपोल पाइनच्या फांद्या आखूड आणि खाली झुकलेल्या असतात. लांब, मजबूत, आडवी फांदी शोधण्यात अंधार पडतो. थकलेल्या माणसाने अंधारात टांगलेली पिशवी म्हणजे अस्वलाला नैवेद्यच.

हे सगळं अस्वलांना शिकवलं माणसानेच. १९२३ पासून योसेमिटी व्हॅलीत कचऱ्याच्या खड्ड्यांवर अस्वलांना मुद्दाम खाऊ घातलं जायचं, आणि संध्याकाळी लोक ते बघायला जमायचे. तो खेळ १९४० मध्ये बंद झाला, पण उघडे कचरा-खड्डे १९७१ पर्यंत होते. खड्डे बुजल्यावर अस्वलं कॅम्पग्राउंडांकडे आणि गाड्यांकडे वळली. १९९८ हे वर्ष सर्वांत वाईट गेलं: दीड हजाराहून जास्त घटना आणि साडेसहा लाख डॉलरच्या घरात नुकसान, त्यातलं बरंचसं फोडलेल्या गाड्यांचं. त्यानंतर सरकारने दरवर्षी यासाठी वेगळा निधी दिला, लोखंडी लॉकर बसवले, कॅनिस्टर सक्तीचे केले, रात्रीची गस्त वाढवली, आणि घटना ९० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. अस्वलांच्या केसांतल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) त्यांच्या आहारात माणसाच्या अन्नाचा वाटा किती हे संशोधकांनी काढलं आहे. शतकभर वाढत गेलेला तो वाटा या उपायांनंतर पुन्हा शंभर वर्षांपूर्वीच्या पातळीला आला. इतकं स्वच्छ यश वन्यजीवांच्या कामात क्वचितच बघायला मिळतं. ते टिकवायचं काम आता तुमच्या पाठीवरच्या डब्याचं आहे. सव्वा किलो जड वाटेल तेव्हा हे आठवा.

कॅनिस्टर कोणता, यावर लोक फार वेळ घालवतात. मी घालवणार नाही. काळा, जाड प्लॅस्टिकचा गार्सिया साधारण १० लिटरचा असतो आणि सव्वा किलोच्या जवळपास भरतो. त्याची दोन कुलपं नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने फिरवावी लागतात, तेव्हा खिशात एक नाणं असू द्या. बेअरव्हॉल्टचा मोठा, ११.५ लिटरचा डबा पारदर्शक असतो, आतलं दिसतं, ही फार सोय आहे. त्याचं झाकण दोन टप्प्यांवर अडकतं. थंडीत प्लॅस्टिक कडक होऊन ते बोटांनी सरकत नाही, तेव्हा जुनं क्रेडिट कार्ड आतल्या खटक्याखाली सरकवून दाबलं की उघडतं. कार्बन फायबरचे हलके डबेही आहेत, पण महाग. वर्षातून एखाद्या वेळी जाणाऱ्याने विकत घेण्याची गरज नाही. वाइल्डरनेस परमिट जिथे मिळतं त्याच केंद्रावर कॅनिस्टर थोड्या भाड्याने मिळतात. अरसॅकसारख्या न फाटणाऱ्या कापडी पिशव्या काही ठिकाणी चालतात, योसेमिटीत नाही. कारण सोपं आहे: पिशवी फाटली नाही तरी अस्वल आतल्या खाण्याचा लगदा करतं आणि बाहेर झिरपेल ते चाटतं. म्हणजे त्याला बक्षीस मिळालंच.

अभेद्य असा डबा कोणताच नसतो हेही माहीत असू द्या. न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत ‘यलो-यलो’ नावाने ओळखली जाणारी एक मादी होती, कानात दोन पिवळे बिल्ले असलेली. ती बेअरव्हॉल्टचं झाकण दातांनी उघडायला शिकली होती. कंपनीने रचना बदलली तरी तिने तीही उलगडली. २०१२ मध्ये ती एका शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडली. त्यामुळे दुसऱ्या कुठल्या जंगलात जाल तेव्हा तिथल्या यादीत कोणते डबे आहेत ते आधी बघा. सिएरात हे सगळेच चालतात.

किती लिटर लागेल? माझा ठोकताळा माणशी दिवसाला दीड ते पावणेदोन लिटर, आणि वजनात पाऊण किलोच्या आसपास. तुम्ही चौघं, पहिल्या दिवसाचा नाश्ता-जेवण सोडून सुमारे साडेतीन दिवसांचं खाणं, म्हणजे २२-२३ लिटर. दोन मोठ्या डब्यांत हे कागदावर बसतं, पण प्रत्यक्षात बसत नाही, कारण डब्यात नुसतं खाणं जात नाही. तीन घ्या. चौघांत तीन डबे म्हणजे वजनही वाटून जातं, ज्याच्या पाठीवर डबा नाही त्याने तंबू घ्यावा.

डब्यात काय काय जातं, तर ज्याला वास आहे ते सगळं. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लिप बाम, डिओडरंट, ओले टिश्यू, औषधाच्या चघळायच्या गोळ्या. रिकामी पाकिटं, संत्र्याची सालं, चहाचा चोथा, म्हणजे सगळा कचरा. आणि आपल्या लोकांच्या सामानात जे हमखास सापडतं आणि कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं तेही: अमृतांजन, व्हिक्स, खोबरेल तेलाची बाटली, वेलदोड्याची डबी, सुपारी, कापूर. डास पळवायला म्हणून तंबूत ठेवलेल्या कापराच्या वड्या बघून मला फार वाईट वाटतं. हेतू चांगला असतो, पण त्या वासाने अस्वल चौकशीला येतं, आणि तंबूत शिरून बघायची सवय त्याला लागते. पाण्यात टाकायच्या लिंबू-साखरेच्या पावडरी विसरू नका. ज्या बाटलीत ते सरबत केलं ती नीट विसळा, नाहीतर तीही डब्यात.

आता घरचं खाणं. हा भाग मला मनापासून आवडतो, कारण आपल्याकडे प्रवासाचं खाणं करायची परंपराच आहे आणि त्यातलं पुष्कळसं या डब्यासाठी जणू मुद्दाम केलेलं आहे. कसोटी दोनच: लिटरमागे उष्मांक किती आणि सांडलं तर किती पसरेल.

लाडू पहिला नंबर. डिंकाचा, शेंगदाण्याचा, खजूर-खोबऱ्याचा, बेसनाचा. घट्ट असतात, थंडीत खराब होत नाहीत आणि चढावर एक लाडू तासभर पुरतो. मात्र गोल लाडवांमध्ये पोकळ जागा राहते, म्हणून मी तेच मिश्रण ताटात थापून वड्या पाडतो. चिक्की तर उत्तमच. सातूचं पीठ न्या: गूळ आणि दुधाची पावडर घरीच मिसळून ठेवली की गार पाण्यात कालवून नाश्ता होतो, चूल पेटवायला नको, भांडं खरकटं व्हायला नको. भाजलेल्या रव्याचा उपमा, मेतकूट, कोरडी लसणाची चटणी, शेंगदाण्याचा कूट, सुकं खोबरं हे सगळं कमी जागेत मावतं. दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या पहिले दोन दिवस छान लागतात. दशम्यांची गुंडाळी करून डब्याच्या भिंतीला आतून लावली की मधली जागा मोकळी राहते.

चिवडा नको. म्हणजे गाडीत खा, कॅम्पग्राउंडवर खा, पण डब्यात नको, कारण चिवडा भरणं म्हणजे हवा भरणं. कुरमुरे, फुलवलेले पापड, शेव यांचंही तेच. भाकरवडी चालते. मॅगी न्यायचीच असेल तर पाकिटातच चुरा करून न्या, सूप म्हणून प्यायला तीच बरी. लोणच्याची बरणी कृपा करून घरी ठेवा. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, झाकणातून तेल झिरपतं, आणि तो वास पाठीवरच्या सॅकला लागला की धुवूनही जात नाही. तूप न्या, पण छोट्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत, वर झिपची पिशवी, आणि तेवढंच जेवढं संपेल. फोडणीचं तेल आणि हिंग तर अजिबात नको. फोडणीचा वास दरीभर जातो आणि तुमच्या कपड्यांतही राहतो, ज्या कपड्यांत तुम्ही झोपणार असता. फोडणी घरी करून, कोरडी करून, मिश्रणात घालून न्या.

खिचडीचं म्हणाल तर ट्वॉलमी मेडोज २६०० मीटरवर आहे, तिथे पाणी साधारण ९१ अंशांनाच उकळतं. तुरीची डाळ तासभर शिजत राहते, इंधन संपतं आणि वास पसरत राहतो. मुगाची डाळ आणि तांदूळ भाजून, मिक्सरमधून जाडसर रवा काढून न्या. उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं की दहा-पंधरा मिनिटांत होतं.

भरताना सगळी खोकी आणि मूळ वेष्टनं काढून टाका. प्रत्येक पिशवीला टाचणीने एक भोक पाडून हवा दाबून काढा. शेवटच्या दिवसाचं तळाला, पहिल्या दिवसाचं वर. सगळ्यात वर टूथपेस्ट वगैरे, कारण ते झोपायच्या आधी लागतं आणि ते काढायला सगळा डबा उपसावा लागला तर माणूस कंटाळून ‘राहू दे आजच्या दिवस’ म्हणतो. ही भरणी निघायच्या आदल्या दिवशी घरी ओट्यावर करून बघा. भाड्याचा डबा परमिट घेताना मिळणार असेल तर तेवढ्याच लिटरची बादली घेऊन त्यात बसवून बघा. ट्रेलहेडला, म्हणजे पायवाट जिथून सुरू होते तिथे, पोचल्यावर ‘मावत नाहीये’ हे कळणं वाईट, कारण तेव्हा उरलेलं खाणं लोक सॅकच्या कप्प्यांत कोंबतात आणि पहिल्याच रात्री ते बाहेर राहतं. पहिल्या रात्रीचं जेवण झोपण्याआधी संपणार म्हणून ते डब्याबाहेर नेलं तरी चालतं असं काही अनुभवी लोक सांगतात. हिशोब बरोबर आहे. पण दुपारी गडगडाट होऊन पाऊस आला, कुणाचा पाय मुरगळला, उशीर होऊन न जेवताच झोपलात, तर? सगळं मावायलाच हवं असं धरून चाला.

जे इतक्या वर्षांत पाहत आलोय त्यावरून सांगतो, रात्र हा सगळ्यात धोक्याचा वेळ नाही. रात्री सगळे सावध असतात, झाकण दोनदा तपासतात. जेवण जातं ते संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान, आणि सकाळी तंबू गुंडाळताना. मुक्कामाला पोचलं की सॅक टेकवायची, डबा उघडायचा, चहाचं सामान बाहेर काढायचं, दोघं पाणी भरायला जातात, एक तंबूची जागा बघतो, चौथा म्हणतो सूर्यास्त फार सुंदर दिसतोय. उघडा डबा तिथेच. सिएरातली सोकावलेली अस्वलं हीच दहा मिनिटं हेरतात. पन्नास पावलांवर झुडपाआड उभं राहून माणसं पांगायची वाट बघणारं अस्वल मी पाहिलं आहे. त्याची सहनशक्ती आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असते. अस्वल नसलं तरी खारी, मार्मट (खारीच्याच कुळातला मोठा प्राणी) आणि ‘जे’ नावाचे निळे पक्षी टपलेलेच असतात, आणि त्यांनाही फुकटचं खाणं तितकंच घातक.

म्हणून आमच्या गटात एकच नियम कडक असतो: डबा उघडा असेल तर एक माणूस हाताच्या अंतरावर बसलेला असतो, आणि उठायचं झालं तर आधी झाकण. ‘मी आहे इथे’ असं तोंडाने म्हणायचं, म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवत असेल असं समजून सगळेच निघून जात नाहीत. एका वेळी एकाच जेवणाचं सामान बाहेर काढायचं आणि बाकीचा डबा लगेच बंद. स्वयंपाक उजेड असतानाच उरका. शक्य तर मुक्कामाच्या तासभर आधी एखाद्या ओढ्याकाठी थांबून जेवण करून घ्या आणि मग पुढे जाऊन तंबू ठोका. हा माझा सगळ्यात आवडता उपाय आहे: जिथे वास आहे तिथे तुम्ही झोपत नाही. भांडी पाण्यापासून ६० मीटर दूर धुवा, गाळणीत राहिलेले कण कचऱ्याच्या पिशवीत, म्हणजे पुन्हा डब्यात. उरलेली खिचडी पुरू नका, शेकोटीत टाकू नका. अस्वल ती उकरतं. थोडी कमी शिजवा, म्हणजे उरणार नाही.

रात्री डबा कुठे ठेवायचा? तंबूपासून ३० मीटरच्या आसपास, सपाट जमिनीवर, दोन दगडांच्या किंवा झुडपांच्या बेचक्यात. कड्याजवळ नाही, उताराला नाही, ओढ्याकाठी नाही. अस्वल डबा फोडू शकत नाही तेव्हा लोळवतं, आणि तुमचं चार दिवसांचं जेवण मर्सेड नदीतून वाहून गेलेलं कुणालाच नको असतं. डब्याला दोरी, साखळी, पट्टा काहीही बांधू नका. अस्वलाला पकड मिळते आणि ते तो ओढून घेऊन जातं. पाऊस असेल तर डबा उपडा ठेवा. बाजूला चमकती टेप चिकटवा, नाव लिहा, म्हणजे सकाळी शोधायला सोपं. झाकण पूर्ण बसलंय का हे प्रत्येक वेळी हाताने ओढून बघा. अर्धवट बसलेलं झाकण आणि उघडं झाकण अस्वलाला सारखंच. आणि दिवसा फेरफटका मारायला जाताना रिकाम्या सॅकची सगळी चेन उघडी ठेवा. आत काही नाही हे बघायला अस्वलाने सॅक फाडायला नको.

आदल्या रात्रीच्या कॅम्पग्राउंडबद्दल. तिथे प्रत्येक जागेला लोखंडी बेअर लॉकर असतो. गाडीतलं सगळं त्यात: खाणं, पाण्याव्यतिरिक्तची पेयं, कूलर रिकामा असला तरी, लहान मुलाची कारसीट, शाम्पू. योसेमिटीत अंधार पडल्यावर गाडीत खाणं ठेवायला बंदी आहे. काचा बंद असल्या, डिकीत असलं, तरी. अस्वल दाराच्या वरच्या कडेत नखं घालून चौकट खाली वाकवतं, आणि मागच्या सीटमधून डिकीपर्यंत जातं. २००१ ते २००७ या काळातल्या फोडलेल्या गाड्यांचा अभ्यास झाला तेव्हा मिनीव्हॅनचं प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने खूपच जास्त निघालं. मुलांच्या सीटखाली सांडलेले बिस्किटांचे तुकडे, दुधाचा वास हे एक संभाव्य कारण, आणि मिनीव्हॅन कशी उघडायची हे मोजक्या अस्वलांना नेमकं कळलेलं असणं हे दुसरं. तुमची गाडी चार दिवस ट्रेलहेडला उभी राहणार आहे, तेव्हा निघताना ती व्हॅक्यूम करा आणि परतीसाठी म्हणून गाडीत चिवड्याचं पाकीट ठेवू नका. ट्रेलहेडलाही लॉकर असतात, त्यात ठेवा, वर नाव आणि तारीख लिहून. लॉकरचा खटका नीट अडकवा. नुसतं दार लोटलेलं लॉकर मी कितीदा पाहिलंय.

एवढं करूनही अस्वल मुक्कामात आलं तर? पळू नका. चौघं एकत्र उभे राहा, हात वर करा, मोठ्याने ओरडा, भांडी वाजवा, आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा. पिल्लू दिसलं तर मादी जवळपास आहे असं समजा आणि मध्ये येऊ नका. ओरडायला लाजू नका, ते अस्वलाच्या भल्याचंच आहे, माणसाजवळ जाणं त्रासाचं असतं एवढं त्याच्या लक्षात राहिलं पाहिजे. पण खाणं त्याच्या तोंडात गेलं असेल तर ते परत घ्यायला जाऊ नका. ते गेल्यावर सगळा कचरा गोळा करा आणि उतरल्यावर रेंजरना सांगा, काही नुकसान झालं नसलं तरी. कुठल्या अस्वलाने काय केलं हे वेळेत कळलं तर त्याला हुसकून सवय मोडण्याची संधी असते. लोक दंडाच्या भीतीने गप्प बसतात आणि ती संधी जाते. बेअर स्प्रे (अस्वलावर फवारायचा मिरचीचा फवारा) मात्र योसेमिटीत न्यायचा नाही, तिथे त्याला बंदी आहे.

पुढच्या वर्षीच्या यलोस्टोनचं गणित वेगळं आहे, कारण तिथे काळ्या अस्वलाबरोबर ग्रिझलीही आहे. तिथे बेअर स्प्रे प्रत्येकाच्या कमरेला, हाताला लगेच लागेल असा हवा, सॅकमध्ये पुरलेला नाही. वाटेवर बोलत चाला, आणि शक्यतो किमान तिघे जण एकत्र राहा. स्वयंपाकाची आणि खाणं ठेवण्याची जागा तंबूपासून ९० मीटर दूर, आणि ज्या कपड्यांत स्वयंपाक केला ते अंगावर घेऊन तंबूत झोपायचं नाही. सातूचं पीठ आणि लाडू तिथे आणखी उपयोगी पडतील, कारण चूल जितकी कमी पेटेल तितकं बरं. तिथल्या बॅककंट्री (रानातल्या, पायी पोचायच्या) मुक्कामांवर खाणं टांगायला आडवे खांब लावलेले असतात, त्यामुळे योसेमिटीत मना असलेलं टांगणं तिथे रीतसर चालतं: जमिनीपासून किमान ३ मीटर उंच आणि उभ्या खांबापासून सव्वा मीटर लांब. मान्यताप्राप्त कॅनिस्टरही चालतो. टांगणार असाल तर साधारण ११ मीटर दोरी लागते आणि ती आपली आपण न्यायची असते.